वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यात मूल कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राथमिक शाळेतील मुलांचे वर्गातले वागणे, त्यांची अभ्यासातील गती आणि त्यांचे मानसिक स्वास्थ्य या विषयावर आपल्या सदरात अधूनमधून पत्रे प्रसिद्ध होतात आणि त्यांपैकी बहुतेकांचा शेवट प्रत्येक शाळेत समुपदेशक नेमावा या मागणीने होतो. मागणी गैर नाही. मात्र बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिक्षिका आणि पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर (केंद्रावर) देखरेख करणारी अधिकारी, म्हणून काम करून निवृत्त झाल्यावर मागे वळून पाहताना मला वाटते की, वाडी-वस्तीवरच्या ज्या शाळेत चार वर्गांना मिळून दोनच शिक्षक आहेत, तिथे समुपदेशक येण्याची वाट पाहत बसण्यात एक पिढी चौथी पास होऊन निघून जाईल. अशा शाळेत मुलाच्या मनाची दखल घेणारा माणूस म्हणजे त्याचा वर्गशिक्षकच असतो आणि ती दखल कागदावर उतरवण्याची सोय शासनाने पंधरा वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. ती सोय म्हणजे वर्णनात्मक नोंद. या पत्रात मला एवढेच मांडायचे आहे की ही नोंद आज जवळजवळ निरुपयोगी झाली आहे आणि ती उपयोगी करणे फारसे खर्चिक किंवा अवघड नाही.

शिक्षणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम व मूल्यमापन ठरवताना काय लक्षात घ्यावे हे सांगितले असून, त्यात मुलाला भीती, धक्का आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे व त्याला मोकळेपणाने बोलण्यास मदत करावी, हा एक खंड आहे आणि त्याला लागूनच सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापनाचा खंड आहे. कायदा करणाऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते. महाराष्ट्राने त्यानुसार २० ऑगस्ट २०१० रोजी शासन निर्णय काढला. पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाला, ७० टक्के आणि संकलित मूल्यमापनाला, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या मूल्यमापनाला, ३० टक्के, तर तिसरी-चौथीसाठी ६० आणि ४० टक्के असा भारांश ठरला. आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत पहिले साधन दैनंदिन निरीक्षण हे आहे. गुणांऐवजी श्रेणी आली आणि श्रेणीच्या जोडीला प्रत्येक मुलाविषयी शब्दांत लिहायच्या नोंदी आल्या: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, आणि व्यक्तिमत्त्व गुणविशेष. सगळ्या शालेय दप्तरात मूल रागावते का, घाबरते का, कोणाशी खेळते, एकटे बसते का, हे लिहिता येईल अशी ही एकच जागा आहे. हजेरीपत्रकात त्याची उपस्थिती असते, पोषण आहाराच्या नोंदवहीत तो खिचडीचा एक लाभार्थी असतो आणि पोर्टलवर तो आधार क्रमांक असतो.

आता या रकान्यांचे काय झाले ते पाहा. पहिली-दुसरीला मराठी, गणित, इंग्रजी, कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण असे सहा विषय आहेत. वर्गात ३० मुले धरली, तर सहा विषय आणि व्यक्तिमत्त्व गुणविशेष मिळून, प्रत्येकी एकच वाक्य लिहायचे म्हटले तरी एका सत्राला २१० नोंदी होतात. द्विशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाकडे दोन वर्ग असतात. सत्र संपायला आठ दिवस उरलेले असतात, संकलित मूल्यमापनाच्या उत्तरपत्रिका तपासायच्या असतात, आणि त्याच सुमारास प्रत्येक केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर विषयनिहाय तयार नोंदींची पीडीएफ येऊन पडते. पूर्वी अशा नोंदींची छापील पुस्तके बाजारात मिळत, आता तेवढाही खर्च करावा लागत नाही. ‘प्रश्नांची उत्तरे आत्मविश्वासाने देतो’, ‘परिसर स्वच्छ ठेवतो’, ‘इतरांना मदत करतो’, ‘वाचनाचा सराव आवश्यक’ ही वाक्ये बीडमध्येही तीच असतात, भंडाऱ्यातही तीच आणि सिंधुदुर्गातही तीच. हजेरी क्रमांक एकला पहिले वाक्य, दोनला दुसरे, असे करत यादी संपली की पुन्हा वरून सुरुवात होते. तपासणीला येणारा अधिकारी रकाने भरलेले आहेत का, एवढेच पाहून सही करतो. यात मी एकट्या शिक्षकांना दोष देणार नाही. जे लिखाण कोणी वाचत नाही, ते मनापासून करण्याची अपेक्षा कोणत्याही नोकरदाराकडून धरता येत नाही.

पण या नकलेमुळे जे हरवते ते मात्र खरे असते. आमच्या भागातील एका शाळेत दुसरीच्या वर्गातला एक मुलगा दिवाळीनंतर एकदम बिघडला, असे त्याच्या वर्गशिक्षिका सांगत होत्या. शेजारच्याच्या वहीची पाने फाडायची, रांगेत पुढच्याला ढकलायचे, आणि शाळा सुटल्यावर घरी न जाता कुलूप लागेपर्यंत व्हरांड्यात रेंगाळायचे, असे त्याचे चालले होते. आई-वडील ऊसतोडीला गेलेले, मुलगा आजीजवळ. बीड जिल्ह्यात ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की, कारण म्हणून ती सांगितली की पुढे कोणी विचारतही नाही. या बाईंना मात्र पर्समध्ये एक छोटी डायरी ठेवून त्यात तारखेसह दोन ओळी लिहिण्याची सवय होती. काही आठवड्यांनी त्यांनी पाने चाळली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की मारामारीचे दिवस सलग नाहीत, मध्ये चांगले दिवसही आहेत. आजीला बोलावून विचारले, तेव्हा उलगडा झाला. ज्या रात्री आईचा फोन येई, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरगा असा वागे. दिवसभर तोड करून, गाडी भरून, भाकरी थापून झाल्यावर आईला फोन करायला उसंत मिळे ती रात्री उशिरा, मुलाला झोपेतून उठवून बोलायला दिले जाई आणि नंतर तो बराच वेळ रडत जागा राही.

बाईंनी दोन गोष्टी केल्या. अधूनमधून दुपारच्या सुट्टीत स्वतःच्या मोबाइलवरून त्याचे आईशी बोलणे करून दिले, आणि फोनवर बोलून झाल्यावर जे सांगायचे राहून गेले ते वहीत लिहायला सांगितले. सुरुवातीला तो चित्र काढी, मग एखादा शब्द, पुढे दोन-तीन वाक्ये लिहू लागला. म्हशीला रेडकू झाले, आजीचे गुडघे दुखतात, गणितात आठ बरोबर आले, असा मजकूर असे. मारामाऱ्या पूर्ण थांबल्या असे नाही, पण कमी झाल्या, आणि जोडाक्षरांशी त्याची गाठ या लिखाणातूनच पडली. अभ्यास, वर्तन आणि मन या तीन गोष्टी आपण कागदावर वेगळ्या काढतो, पण सात वर्षांच्या मुलात त्या वेगळ्या नसतात, हे इतक्या स्वच्छपणे मी क्वचितच पाहिले. आता त्याच मुलाच्या प्रगतिपत्रकात व्यक्तिमत्त्व गुणविशेष या रकान्यात काय लिहिले होते, ते सांगते: ‘मित्रांशी मिळूनमिसळून वागतो.’ यादीत त्याच्या क्रमांकाला ते वाक्य आले होते. खरी नोंद डायरीत राहिली. पुढे ऑनलाइन बदल्यांत बाई दुसऱ्या तालुक्यात गेल्या आणि डायरीही त्यांच्याबरोबर गेली. नव्या शिक्षकाला मुलगा आणि त्याचे ते एक वाक्य, एवढेच मिळाले.

वर्गातल्या त्रासदायक वागण्याची कारणे प्रत्येक वेळी इतकी हळवी असतात असेही नाही, आणि म्हणूनच निरीक्षण लिहून ठेवणे अधिक गरजेचे आहे. कित्येकदा मुलाला नीट ऐकू येत नसते. कान वाहण्याकडे घरी दुर्लक्ष होते, मूल मागच्या बाजूला बसते, मागून हाक मारली तर पाहत नाही, समोरून बोलले की मात्र उत्तर देते, आणि वर्षभर त्याच्या नावावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा राहतो. तांड्यावरून येणाऱ्या मुलांच्या घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलली जाते. पहिलीत येऊन पुस्तकी मराठी कानावर पडल्यावर काही मुले महिनोन्‌महिने गप्प असतात आणि ती गप्प आहेत म्हणून ती मठ्ठ आहेत, असे ठरवले जाते. हीच मुले मधल्या सुट्टीत किती बोलतात, हे कोणी पाहत नाही. काही मुले घरून काहीच न खाता येतात आणि खिचडी मिळेपर्यंत चिडचिडी असतात. एकाच शिक्षकाकडे अनेक वर्ग असलेल्या बहुवर्ग शाळेत तर दंग्याचे सर्वांत मोठे कारण रिकामपण हे असते. शिक्षक चौथीला भागाकार शिकवत असताना तिसरीला ‘पान बघून लिहा’ सांगितलेले असते, ज्याचे लिहून झाले त्याला आणि ज्याला लिहिता येत नाही त्यालाही पुढे काही काम नसते, आणि मग जे होते त्याला आपण बेशिस्त म्हणतो. अशा मुलाला उठून करण्याजोगे एखादे काम द्यावे. वह्या वाटणे, फळा पुसणे, धाकट्या वर्गातल्या दोघांना अंक म्हणून दाखवणे, यांपैकी काहीही चालते. बहुतेक शाळांत ही कामे हुशार आणि शांत मुलांना बक्षीस म्हणून दिली जातात, तर ज्यांना हालचालीची खरी गरज असते, त्यांना हाताची घडी, तोंडावर बोट.

याच संदर्भात एका जुन्या प्रथेविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. शिक्षक वर्गाबाहेर गेले की मॉनिटरने फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहायची, पुन्हा बोलला की नावापुढे फुली, आणखी बोलला की आणखी फुली, ही पद्धत आजही शेकड्यांनी वर्गांत चालू आहे. छडी बऱ्याच अंशी गेली, कारण अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर बंदी घातली आणि शिस्तभंगाची भीती निर्माण झाली. पण त्याच कलमात मानसिक त्रासावरही तेवढीच बंदी आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. फळ्यावरची ती यादी वाचली, तर महिनाभर त्यात चार-पाच नावेच फिरत असल्याचे दिसते. त्या मुलांना आपण ‘नाव येणारी’ मुले आहोत हे कळून चुकलेले असते आणि मॉनिटरला आठव्या-नवव्या वर्षीच आपले हिशेब चुकते करण्याचे साधन मिळालेले असते. ज्या शिक्षकाला ही यादी बंद करणे जड जाते, त्याने निदान ती पुसण्यापूर्वी स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावी आणि महिनाअखेरीला पाहावे. तीच नावे, त्याच तासिकेला, त्याच जागी का येतात, हा प्रश्न त्यालाच पडेल, आणि तिथून पुढे नोंद लिहिणे सोपे होईल.

नोंद कशी असावी, याचे उत्तर मी नियमावलीच्या भाषेत देऊ इच्छीत नाही. ‘हट्टी आहे’ असे लिहिले की वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, उलट मुलाच्या कपाळावर शिक्का बसतो. त्याऐवजी ‘गणिताच्या वेळी जागेवरून उठतो, शेजारी बसून पहिले उदाहरण बरोबर सोडवून घेतले की पुढची तीन स्वतः सोडवतो’ असे लिहिले, तर पुढच्या वर्षीच्या शिक्षकाचे दोन महिने वाचतात. काय दिसले, केव्हा दिसले, काय करून पाहिले आणि त्याने काय झाले, एवढे दोन-तीन वाक्यांत आले की पुरे. त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही, हजेरी घेताना मान वर करावी लागते. परिपाठ झाल्यावर हजेरी घेताना शिक्षकाने पत्रकात डोके न घालता प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहून नाव घेतले आणि एखाद्याला ‘काल आला नाहीस, बरं नव्हतं का?’ असे विचारले, तर दिवसाच्या पहिल्या दहा मिनिटांत निम्मे निरीक्षण होऊन जाते. ‘हजर बाई’ म्हणण्याच्या आवाजावरूनही पुष्कळ कळते, हे कोणताही जुना शिक्षक सांगेल.

यावर पहिला आक्षेप वेळेचा घेतला जाईल आणि तो रास्त आहे. कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही, पण प्रत्यक्षात अमुक माहितीची लिंक आज दुपारी चारपर्यंत भरावी, तमुक कार्यक्रमाचे फोटो अपलोड करावेत, असे निरोप भर वर्गात येत असतात आणि मोबाइल वाजला की तिसरीचा परिसर अभ्यास तिथेच थांबतो. या ओझ्यावर आणखी एक नोंदवही चढवावी, असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझे म्हणणे उलट आहे. सत्राला मुलामागे सात नकललेल्या नोंदी मागण्याऐवजी एकच खरी नोंद मागावी. ३० मुलांच्या वर्गात २१० च्या जागी ३० नोंदी होतील, आठवड्याला दोन मुले घेतली तरी सत्राच्या आत वर्ग पूर्ण होईल, आणि विषयवार प्रगतीसाठी श्रेणी आहेतच. कला आणि कार्यानुभव या विषयांत प्रत्येक मुलाविषयी सत्रागणिक वेगळे वाक्य लिहिण्याने आजवर कोणाचे काय भले झाले, हे मला तरी दिसलेले नाही.

दुसरा प्रश्न ती नोंद वाचणार कोण हा आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. केंद्राची शिक्षण परिषद दरमहा होते. तिथे परिपत्रकांचे वाचन आणि नव्या उपक्रमांच्या सूचना यांतच दुपार संपते, ही वस्तुस्थिती त्या खोलीत बसलेल्या कोणालाही नाकारता येणार नाही. त्यातला एक तास मुलांसाठी राखून ठेवावा. दोन किंवा तीन शिक्षकांनी, मुलाचे नाव व गाव न सांगता, आपल्या एकेका मुलाची नोंद वाचावी आणि इतरांनी आपण काय केले असते ते सांगावे. एकशिक्षकी शाळेवरच्या शिक्षकाला तर बोलायला दुसरा शिक्षकच नसतो, त्याच्यासाठी हा तास सर्वांत मोलाचा ठरेल. समग्र शिक्षा या शासकीय योजनेअंतर्गत तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना इतरांबरोबर शिकता यावे यासाठीचे, विशेष शिक्षक असतात. त्यांच्याकडे शाळा इतक्या असतात की एका शाळेवर त्यांचा फेरा क्वचितच येतो, आणि आले की ‘तुमच्याकडे कोणी आहे का?’ असे विचारून त्यांना पुढे जावे लागते. त्यांच्या हाती आधीच लिहिलेल्या पाच नोंदी दिल्या, तर ते थेट त्या पाच मुलांजवळ बसतील. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले असून त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही समावेश आहे. पहिलीतल्या मुलाने अक्षर उलटे काढले म्हणून लगेच घाबरून जाण्याचे कारण नसते, पण तिसरीतही वाचताना तीच अडखळ राहिली, तर मागच्या दोन वर्षांच्या नोंदी तज्ज्ञाला कोणत्याही एका दिवसाच्या चाचणीपेक्षा अधिक काही सांगू शकतात.

हीच गोष्ट आरोग्य तपासणीची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, त्याची सुरुवात आपल्याच राज्यात पालघरला झाली होती, आणि त्याचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. त्यांच्या कामात जन्मजात व्यंग, आजार आणि कमतरता यांच्याबरोबर विकासातील विलंबही येतो. पथक येते त्या दिवशी मुले रांगेत उभी राहतात, वजन-उंची होते, दात-डोळे पाहिले जातात आणि गाडी पुढच्या शाळेकडे निघते. ज्याला मागून दिलेली हाक ऐकू येत नाही, असा मुलगा या रांगेतून सहज निसटतो, कारण डॉक्टर त्याच्याशी समोरून बोलत असतात. शिक्षकाची एक ओळ त्या वेळी हातात असली, तर तो जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. लिहिलेली गोष्ट मुलाच्या मागे लागते. पहिलीतल्या शिक्षकाने रागाच्या भरात लिहिलेले वाक्य चौथीपर्यंत वाचले गेले, तर नोंद नसलेली बरी, असे कोणी म्हटले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. घरातले व्यसन, आई-वडिलांचे वेगळे राहणे, मुलावर झालेला एखादा अत्याचार यांसारख्या गोष्टी प्रगतिपत्रकात जाताच कामा नयेत. प्रगतिपत्रक शेजाऱ्यांच्याही हाती पडते. म्हणून नोंदीचे दोन भाग असावेत. पालकांना द्यायच्या प्रगतिपत्रकात मुलाला काय जमू लागले आणि घरी काय करता येईल, एवढेच दोन वाक्यांत असावे. दुसरी नोंद मुख्याध्यापकांच्या कपाटात, वर्गशिक्षक, केंद्रप्रमुख आणि गरज पडल्यास तज्ज्ञ यांनीच वाचण्यासाठी असावी, दरवर्षी नव्याने लिहिली जावी आणि मुलाने शाळा बदलल्यास, पालकांना सांगून, ती बंद पाकिटात नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जावी. अत्याचाराचा संशय आला, तर तो विषय नोंदीचा उरत नाही, तिथे १०९८ या बालकांसाठीच्या हेल्पलाइनला आणि पोलिसांना कळवणे हेच काम असते, आणि हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे.

शाळा बदलण्याचा मुद्दा आमच्या जिल्ह्यापुरता तरी किरकोळ नाही. ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक दिले जाते, ते दाखवून कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत मूल बसू शकते. त्या पत्रकावरून सांगली किंवा कोल्हापूरकडच्या शिक्षकाला मुलाची इयत्ता आणि अभ्यासातली पातळी कळते, पण हे मूल पहिले पंधरा दिवस कोणाशी बोलत नाही, त्याला धाकट्या बहिणीजवळ बसू दिले तर ते टिकते, हे कळत नाही. मग ते दोन-चार दिवस येते आणि नंतर उसाच्या फडातच राहते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे सुरू केली जातात. तिथे दोन वेळचे जेवण मिळते आणि हा उपकार लहान नाही. तरीही त्या यादीत नाव, वय, पालक कोणत्या कारखान्यावर गेले याची माहिती असते आणि रात्री कोण रडते, कोण अंथरूण ओले करते, हे स्वयंपाक करणाऱ्या मावशींनाच माहीत असते. त्यांना आठवड्यातून एकदा विचारून वर्गशिक्षकाने दोन ओळी लिहिल्या, तर त्यात खर्चाचा प्रश्नच नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला, त्यात मानसिक स्वास्थ्याचाही विचार आहे. हेतू उत्तमच आहे, फक्त आनंदाला वार नेमून दिला की उरलेल्या पाच वारांचे काय, असा खट्याळ प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले आणि राज्यातही निपुण महाराष्ट्रचे काम जोरात आहे. मुलांना वाचता आलेच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. वाचता न येणे हेच प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या मानहानीचे सर्वांत मोठे कारण असते. पण त्यातल्या चावडी वाचनासारख्या, म्हणजे मुलांनी गावकऱ्यांसमोर वाचून दाखवण्याच्या, उपक्रमाबाबत सावधगिरी हवी. ज्याला वाचता येते, त्याला गावासमोर वाचण्याने हुरूप येतो. जो बाईंजवळ बसून अडखळत का होईना पण वाचतो, तो सरपंच, ग्रामसेवक आणि साहेब समोर बसलेले पाहून पहिल्याच शब्दाला थांबतो, आणि त्याची नोंद ‘वाचता येत नाही’ अशी होते. कोणत्या मुलाला चावडीवर न्यायचे आणि कोणाचे वाचन अजून वर्गातच ऐकायचे, हे ठरवण्याचा अधिकार वर्गशिक्षकाला असावा आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारू नये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. त्यात शिक्षकाबरोबर मुलाचे स्वतःविषयीचे आणि सहाध्यायांचे मतही घ्यायचे आहे. कल्पना चांगली आहे, पण २०१० ची कल्पनाही चांगलीच होती. या नव्या पत्रकातही भावनिक व सामाजिक विकासाचे रकाने आहेत, आणि ‘मला शाळेत आनंद वाटतो’ यापुढे सर्व मुलांनी एकाच रंगाचा हसरा चेहरा रंगवलेला पाहण्याची वेळ यायला फार काळ लागणार नाही. म्हणून शिक्षण विभागाला आपल्या पत्राद्वारे विनंती अशी की, हे पत्रक वर्गावर्गांत रुजण्याआधी त्यासोबत एक पानाचे परिपत्रक काढावे. त्यात विषयवार वर्णनात्मक नोंदींची सक्ती काढून मुलामागे सत्राला एक नोंद मागावी, तयार नोंदी वापरल्यास त्या ग्राह्य धरू नयेत, शिक्षण परिषदेतला एक तास नोंदींसाठी राखावा, बदली होणाऱ्या शिक्षकाने कार्यमुक्त होताना कपाटाच्या किल्ल्या आणि साहित्याच्या यादीबरोबर वर्गाच्या नोंदीही नव्या शिक्षकाला समक्ष समजावून द्याव्यात, आणि शिक्षण हमी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वर्गशिक्षकासाठी चार ओळींची जागा छापावी. केंद्रप्रमुखांची जी पदे अनेक ठिकाणी रिक्त आहेत, ती भरावीत, म्हणजे या नोंदी वाचायला कोणीतरी असेल. शाळा जूनमध्ये सुरू होतात. परिपत्रक त्याआधी निघाले, तर दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांना ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमांच्या गाड्या गावात येतील आणि हंगामी वसतिगृहांचे सर्वेक्षण सुरू होईल, तोपर्यंत पहिल्या सत्राच्या नोंदी लिहून झालेल्या असतील.

आपली,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, जि. बीड